इंजिन बसलं, हेडर बसेना

जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवल्याचे व्हिडिओ हल्ली सगळ्यांच्या फोनवर येतात. साखळीला लटकलेलं इंजिन हळूहळू बोनेटखाली उतरतं आणि पुढच्याच क्षणी गाडी घाट चढताना दिसते. मधले तीन-चार महिने कापून टाकलेले असतात. त्यातला बराच वेळ खातो तो एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचा, पहिला तुकडा. बहुतेक गाडीमालकांनी तो कधी नीट पाहिलेलाही नसतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ओळखीच्या एका मिस्त्रींकडे मी हे जवळून पाहिलं. जुनी ॲम्बॅसिडर, मालकाच्या वडिलांची. भंगारातून आणलेलं दुसऱ्या कंपनीचं पेट्रोल इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे ते ज्यांवर टेकतं त्या आधारांवर, बसलं, बोल्ट आवळले, पेढेही वाटून झाले. दुसऱ्या दिवशी एक्झॉस्ट लावायला घेतला, तर जिथे तो यायला हवा तिथूनच स्टेअरिंगचा दांडा खाली जात होता. मिस्त्रींनी टॉर्च मारून दोघांच्या मधे बोट घालून पाहिलं. बोट जाईना. इंजिन पुन्हा बाहेर काढावं लागलं आणि नुकतीच वेल्ड केलेली फाउंडेशनं कापावी लागली.

इंजिन बदलणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी इथेच अडते. मॅनिफोल्ड, म्हणजे एक्झॉस्टचा हाच पहिला तुकडा, शेवटी जुळवून घ्यायचा भाग आहे असं समजून ते चालतात. खरं तर इंजिन गाडीत नेमकं कुठे बसणार, हे त्याच भागावर ठरायला हवं.

हेडर म्हणजे काय?

इंजिनातल्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं आणि जळालेला वायू हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, बाजूला असलेल्या भोकातून बाहेर पडतो. त्या भोकाला पोर्ट म्हणतात. सगळ्या पोर्टांतून येणारा वायू गोळा करून एका पाइपात सोडणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. कंपनीतून येतो तो बहुधा बिडाचा, ओतीव असतो. तेच काम वाकवलेल्या स्टीलच्या वेगवेगळ्या पाइपांनी केलं तर त्याला हेडर म्हणतात. हेडच्या बाजूची जाड पट्टी म्हणजे फ्लँज, आणि सगळे पाइप जिथे एकत्र येतात तो कलेक्टर. एवढे शब्द पुरेत.

वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ ठोके देतो. चार मिळून १००. विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या बेलबाग चौकात उभं राहून पाहिलं असेल, तर पुढचं समजायला सोपं जाईल. बाजूच्या रस्त्यांवरून येणारी मंडळं एकामागून एक लक्ष्मी रस्त्याला लागली तर मिरवणूक चालत राहते. दोन मंडळं एकदम तोंडाशी आली की दोन्ही अडतात आणि त्यांच्या मागचेही खोळंबतात. चांगल्या हेडरमध्ये प्रत्येक ठोक्याला मुख्य पाइपापर्यंत स्वतःची वाट मिळते आणि दोन ठोके एकाच वेळी तोंडाशी येत नाहीत.

चार सिलिंडर, तीनच तोंडं

"जुना मॅनिफोल्डच नव्या इंजिनाला लावून टाका की," हा सल्ला हमखास मिळतो. ॲम्बॅसिडरच्या बाबतीत तो का चालत नाही, हे बोनेट उघडलं की दिसतं.

ॲम्बॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिज घराण्यातलं. त्याला सिलिंडर चार, पण एक्झॉस्टची तोंडं तीनच. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र पोर्ट आहे, दुसरा आणि तिसरा मधल्या एकाच पोर्टमधून वायू सोडतात. आत येणाऱ्या मिश्रणाचे दोन पोर्टही त्याच बाजूला आहेत. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनाच्या डाव्या अंगाला बसतात, आणि आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे असल्यामुळे गरम बाजू आणि चालकाची बाजू आपोआप वेगळी राहते. चाळीस वर्षं कुणालाही त्या जागेचा विचार करावा लागला नाही, तो यामुळे.

मधलं तोंड दोघांत वाटून दिलं तरी इंजिन चालतं, कारण ठोक्यांचा क्रम १-३-४-२ असा आहे. दुसरा आणि तिसरा सिलिंडर एकमेकांपासून बरोबर एका पूर्ण फेऱ्याच्या अंतरावर पेटतात, त्यामुळे एकाचा वायू निघून गेल्यावर दुसऱ्याचा येतो. बी-सीरिजसाठी जे हेडर बनतात त्यांनाही म्हणून तीनच पाइप असतात, आणि मधला मुद्दाम लांब ठेवून पुढे जाऊन जोडलेला असतो. चार पोर्टांच्या इंजिनावर असा हेडर बसवणं म्हणजे तीन खुंट्यांवर चार सदरे टांगणं. भोकांची संख्या जुळत नाही. स्टडांमधलं, म्हणजे मॅनिफोल्ड आवळायच्या बोल्टांमधलं, अंतर आणि पोर्टचा आकार तर पुढची गोष्ट.

मग नव्या इंजिनाचाच मॅनिफोल्ड वापरला तर?

भोकं जुळतील, पण दिशा जुळेलच असं नाही. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. त्याचा मॅनिफोल्ड त्या गाडीच्या रिकाम्या जागेसाठी घडवलेला असतो. तो रेडिएटरच्या किंवा चालकापुढच्या पत्र्याच्या दिशेने निघतो आणि इंजिनाखालून वळसा घेऊन मागे जातो. तेच इंजिन जुन्या गाडीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलं की मॅनिफोल्ड चॅसिसच्या एका बाजूला तोंड करतो, आणि त्याचा खालचा वळसा नेमका स्टेअरिंगवर, चॅसिसवर किंवा एक्सलवर जाऊन आपटतो.

जिप्सीत जुन्या बलेनोचं १.६ लिटरचं इंजिन घालणाऱ्यांना हा अनुभव येतो. बलेनोत ते आडवं होतं. जिप्सीत उभं राहिलं की खाली पुढचा एक्सल आणि पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट असतो. शिवाय खड्ड्यात चाक वर आलं की एक्सलही वर येतो. गाडी सपाटीवर उभी असताना दिसणारी मोकळी जागा खरी नसते. पुढचं चाक पूर्ण वर उचलून जागा मोजावी लागते.

उद्यमनगरात उभं असल्यामुळे साहजिकच विचारलं गेलं, "नवाच ओतून घेऊ या का?" कोल्हापूरच्या फाउंड्रीत ते होण्यासारखं आहे. पण एका नगासाठी लाकडी पॅटर्न आणि पोकळीसाठी कोअर बनवायचा, ओतून घ्यायचं, मग मशिनिंग करायचं, आणि जागेत दहा मिलिमीटरची चूक निघाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पाइपाचा हेडर कापून परत जोडता येतो. एकट्या गाडीला पाइपच बरा.

ॲम्बॅसिडरच्या भावंडाकडून शिकण्यासारखं

इंग्लंडची एमजीबी ही ॲम्बॅसिडरची इंजिनाच्या नात्याने सख्खी बहीण. तिच्यातही बी-सीरिजच, फक्त १७९८ सीसीचं. या छोट्या गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-एट बसवायची कल्पना १९७० च्या सुमारास केन कॉस्टेलो यांनी व्यवसाय म्हणून चालवून दाखवली. ते इंजिन ॲल्युमिनियमचं, म्हणून आठ सिलिंडर असूनही जुन्या लोखंडी चार सिलिंडरच्या आसपासच्याच वजनाचं. पुढे कंपनीने स्वतःच १९७३ ते १९७६ या काळात अशा २५९१ गाड्या बनवल्या.

व्ही-एटमध्ये सिलिंडरांच्या दोन रांगा असतात, म्हणून एक्झॉस्ट दोन्ही बाजूंनी निघतो. एक बाजू स्टेअरिंगच्या दांड्यासमोर येणार, यातून सुटका नाही. कंपनीने इंजिनाला अगदी चिकटून जाणारे बिडाचे मॅनिफोल्ड बनवले. जागा वाचली, पण वायूला लगेच आखूड वळणं घ्यावी लागली. वीस वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच घडणीची आरव्ही-एट आली, तेव्हा वेगळा मार्ग निवडला. बोनेटखालच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून पाइप चाकाच्या बाजूच्या पोकळीत नेले आणि तिथून खाली उतरवले. स्टेअरिंगपाशी गर्दी कमी झाली आणि बोनेटखालची उष्णताही बाहेर गेली. आज जुन्या एमजीबीत व्ही-एट घालणारे हौशी लोक पत्रा कापून हीच पद्धत उचलतात.

इंजिन त्याच घराण्यातलं आणि जागाही तीच. दोन्ही वेळा पाइपाची वाट मुद्दाम आखावी लागली. पहिल्या खेपेला मॅनिफोल्ड इंजिनाला चिकटवला, दुसऱ्या खेपेला पत्रा कापला.

पाइपाच्या लांबीने ताकद खरंच वाढते का?

वाढते, पण दुकानात सांगतात तेवढी सरसकट नाही. ठोका कलेक्टरपाशी पोचला की त्याची उलटी लाट पाइपातून मागे येते. ती लाट व्हॉल्व बंद होण्याच्या बेताला परतली तर सिलिंडरमध्ये उरलेला वायू ओढून नेते. झोक्याला नेमक्या क्षणी दिलेल्या धक्क्यासारखं आहे हे. गरम वायूत लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर पळते असं धरलं, तर पाऊण मीटर पाइपातून जाऊन परत यायला तिला ३ मिलिसेकंद लागतात. ३००० फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ५४ अंश फिरतो, ६००० ला १०८ अंश. म्हणजे एका लांबीचा झोका एकाच वेगाला बरोबर बसतो, बाकीच्या वेगांना थोडा चुकतो.

म्हणून चार पाइप आधी दोनात आणि मग एकात आणतात. पहिल्याची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची तिसऱ्याशी. यामुळे मधल्या वेगांना ओढ बरी मिळते, आणि रोजच्या रस्त्यावर आपण मधल्याच वेगात असतो. दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनाला दीड इंचाच्या आसपासचा पाइप पुरतो. जाड पाइपाने आवाज भरदार येतो, पण वायू मंदावतो आणि गाडी खालच्या वेगात मरगळते.

माझं मत विचाराल तर जुन्या गाडीत चारही पाइप समान लांबीचे करण्याच्या हट्टापायी स्टेअरिंगपाशी गर्दी करू नये. लांबीत दहा-पंधरा टक्के फरक राहिला तरी चालकाला जाणवणार नाही. एखाद्या जागी पाइप गरम करून थोडा लंबगोल दाबला तरी फारसं बिघडत नाही. स्टेअरिंगचा दांडा गरम पाइपाला घासला तर मात्र ते पहिल्याच वळणावर जाणवेल.

बनवताना कुठे चुकतं

मिस्त्रींनी दुसऱ्यांदा काम हाती घेतलं तेव्हा सुरुवात पुठ्ठ्याने केली. इंजिनाच्या हेडवर पुठ्ठा धरला, पोर्ट आणि स्टड यांच्यावरून छोट्या हातोडीने हलके ठोके मारले, कडा आपोआप उमटल्या. तो पुठ्ठा कापून १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर ठेवला आणि फ्लँज आखला. जाडी महत्त्वाची. पातळ फ्लँज पहिल्याच उन्हाळ्यात केळीच्या पानासारखा वाकतो.

इंजिन बोनेटखाली लाकडी ठोकळ्यांवर नुसतं टेकवलं होतं. फाउंडेशनं अजून बनवलेलीच नव्हती. फ्लँज हेडला बोल्टने आवळून पाइपाचे छोटे वळणदार तुकडे एकेक करून जागेवरच टाक्यांनी जोडत नेले. तिसऱ्या पाइपाला जागा कमी पडली तेव्हा इंजिनच १८ मिलिमीटर डावीकडे सरकवलं. प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याला, तेवढं चालतं, फक्त गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत. ठोकळ्यांवरचं इंजिन सरकवायला पाच मिनिटं लागली. पहिल्या खेपेला याच १८ मिलिमीटरसाठी वेल्ड केलेली फाउंडेशनं कापावी लागली होती.

पूर्ण वेल्डिंगसाठी हेडर बाहेर काढून एका बाद झालेल्या हेडवर आवळला आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडला नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज ओढला जातो. मोकळा ठेवला तर वाकतो, मग पॅकिंग कितीही बदला, फुसफुस थांबत नाही. शेवटी फ्लँजचं तोंड सपाट करून घेतलं. पाइपाचं भोक पोर्टपेक्षा किंचित मोठं चालतं, लहान चालत नाही. वाटेत पायरी उभी राहिली की वायू तिला धडकतो.

धातू प्रसरण पावतो, हे शाळेत शिकलेलं इथे दिसतं. अर्धा मीटर लांबीचा साध्या स्टीलचा पाइप ६०० अंशांनी तापला की साडेतीन मिलिमीटरच्या वर वाढतो. स्टेनलेस स्टीलचा पाच मिलिमीटर. रेल्वेच्या रुळांत फट ठेवायचे ती याचसाठी. हेडर दोन्ही टोकांना घट्ट बांधला तर वाढायला वाट न मिळून वेल्डपाशी चिरतो. म्हणून कलेक्टरनंतर जाळीदार लवचीक पाइपाचा तुकडा घालतात. रबरी फाउंडेशनवर हलणाऱ्या इंजिनाचे धक्केही तोच सोसतो.

उष्णता: इथे तडजोड नाही

पूर्ण जोर लावल्यावर पेट्रोल इंजिनाच्या पोर्टपाशी वायूचं तापमान ८०० अंशांच्या पुढे जातं. पातळ पाइप अंधारात लाल दिसू लागतो. बिडाचा मॅनिफोल्ड जाड असल्यामुळे उष्णता थोडी रोखतो, हेडर ती बोनेटखाली सोडतो. जुन्या गाडीत त्याच जागेतून ब्रेकची नळी, क्लचची तार आणि पेट्रोलचा पाइप गेलेले असतात. ओलावा शोषलेलं साधं ब्रेक ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. नळीत वाफ झाली की पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही एक्झॉस्टचा पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असू नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे.

"पाइपाला पट्टी गुंडाळली की झालं ना?" पट्टीने बोनेटखालची उष्णता कमी होते हे खरं. पण साध्या स्टीलवर पट्टीखाली पावसाचं पाणी साठतं आणि कोकणात किंवा आपल्या घाटमाथ्यावर पाइप दोन-तीन पावसाळ्यांत आतून-बाहेरून गंजतो. मी आधी मधे पत्रा लावीन, पाइप आणि पत्रा यांच्यात हवेची फट ठेवीन, आणि नळ्या शक्य तितक्या दुसऱ्या बाजूने फिरवीन.

संगणक असलेलं इंजिन घेतलं तर

नव्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. वायूत किती ऑक्सिजन उरला हे तो सांगतो आणि त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. हेडर बनवताना तो एकाच पाइपावर बसवला तर संगणकाला एकाच सिलिंडरचं ऐकू येतं. चौघांचा वायू मिळाल्यावर, कलेक्टरनंतर लगेच त्याची जागा. वरच्या अंगाला आणि थोडा तिरका, म्हणजे पाण्याचे थेंब त्याच्यावर साठत नाहीत. सेन्सरच्या आधी कुठे बारीक गळती असेल तर दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, संगणक जास्त सोडतो, आणि मालक ॲव्हरेज का पडला म्हणून इंजेक्टर साफ करत बसतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही फार मागे नेऊ नये. तापल्याशिवाय तो धूर शुद्ध करत नाही.

हेडर म्हणजे कानठळ्या नव्हेत

जप्त केलेले सायलेन्सर पोलिस रोलरखाली चिरडतात, ते व्हिडिओ पाहून हेडर म्हणजे बेकायदा आवाज असा समज झाला आहे. आवाज अडवणं हे मागच्या सायलेन्सरचं काम. हेडर लावून पुढे चांगला सायलेन्सर ठेवला तर गाडी शांत राहते. सायलेन्सर काढून टाकला तर ओतीव मॅनिफोल्ड असलेली गाडीही गल्ली उठवते.

कागद आधी

कायद्याची खरी अडचण इंजिनाची आहे, हेडरची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कडकपणे अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. दुसरी बाब कमी लोकांना ठाऊक आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात असेल तरच. इंजिन किंवा चॅसिस बदललं की तो मार्ग बंद होतो. आजोबांची गाडी पन्नाशीच्या जवळ असेल तर हा हिशेब साखळी लावण्याआधी करावा, आणि मूळ इंजिन भंगारात मुळीच देऊ नये.

उद्यमनगरातल्या ॲम्बॅसिडरचा हेडर आता बसला आहे. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून मिस्त्रींनी माझ्यासमोर दांडा आणि पाइप यांच्या मधे दोन बोटं घातली, ती आरामात गेली. इंजिन तीनदा तापवून थंड केल्यावर फ्लँजचे नट मधून कडेकडे पुन्हा आवळले, प्रत्येक वेळी पाव फेरा तरी मिळाला. मालकाने आरटीओकडे अर्ज मात्र इंजिन उतरल्यानंतर केला. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, आणि जुनं बी-सीरिज इंजिन, त्याच्या तीन तोंडांच्या मॅनिफोल्डसकट, ग्रीस लावून तिच्या शेजारीच ठेवलेलं आहे.